आधी छोटे सेक्टर, मग लांबचा पल्ला

सीपीएल (व्यावसायिक पायलटचं लायसन्स) आणि टाइप रेटिंग (ठराविक प्रकारचं विमान चालवण्याची पात्रता) झाल्यावर भारतात बहुतेकांची पहिली नोकरी एअरबस ३२०, बोइंग ७३७ किंवा एटीआरवर लागते. लांब पल्ल्याची मोठी विमानं कधी मिळतील, याची अनेकांना फार घाई असते. ती करू नका. हात बसतो तो छोट्या सेक्टरवरच, म्हणजे एका विमानतळावरून दुसऱ्यावर जाणाऱ्या छोट्या उड्डाणांवर.

मुंबई–गोवा जेमतेम सव्वा तासाचं उड्डाण. विमान उंचीवर स्थिरावतं न स्थिरावतं तोच उतरण्याची तयारी सुरू होते. जमिनीवर मिळतो साधारण अर्धा तास. तेवढ्यात एकाने विमानाभोवती फिरून टायर, ब्रेक, इंजिनाची पाती बघायची. दुसऱ्याने एफएमएस, म्हणजे विमानाचा मार्ग-संगणक, भरायचा, इंधनाचा आकडा पक्का करायचा. मग दोघांनी मिळून लोडशीट, म्हणजे विमानातल्या वजनाचा तक्ता, तपासायची. असे दिवसाला चार सेक्टरही पडतात. पावसाळ्यात मुंबईवर सकाळीच अर्धा-पाऊण तास घिरट्या घालाव्या लागल्या, तर तो उशीर दिवसभर पुढे सरकतो आणि शेवटच्या सेक्टरला ड्यूटीची मर्यादा आड येते. चुका याच घाईत होतात, विशेषतः टेक-ऑफचे वेग भरताना. चेकलिस्ट मध्येच तुटली तर पहिल्यापासून म्हणा, उशीर झाला तरी चालेल.

मुंबई–न्यूयॉर्कला पंधरा तासांच्या आसपास लागतात, म्हणून पायलट चार. समुद्रावर जमिनीवरचं रडार पोहोचत नाही. डेटालिंकवर, म्हणजे लेखी संदेशांतून, संपर्क ठेवायचा आणि एक इंजिन बंद पडलं तर जायच्या विमानतळांचं हवामान सतत बघत राहायचं. पण खरी कसोटी झोपेची. उड्डाणानंतर लगेच बंकमध्ये (विमानातल्या झोपायच्या जागेत) गेलं तर शरीर जागंच असतं, झोप लागत नाही. म्हणून लँडिंग करणाऱ्या जोडीला सहसा नंतरची विश्रांती देतात. उठल्यावर निदान वीस-तीस मिनिटं जाऊ द्या, मगच सीटवर बसा. झोपेची गुंगी लगेच उतरत नाही. न्यूयॉर्क उन्हाळ्यात आपल्या साडेनऊ तास मागे असतं. मुक्काम एकच दिवसाचा असेल, तर भारताच्या घड्याळानुसार झोपणं पुष्कळांना सोसतं.

चार पायलटांत लँडिंग एकच, त्यामुळे महिन्याला वाट्याला एखाद-दुसरंच येतं. ९० दिवसांत तीन टेक-ऑफ आणि तीन लँडिंग भरले नाहीत, तर सिम्युलेटर गाठावा लागतो. एटीपीएलचे (कॅप्टन होण्यासाठी लागणाऱ्या लायसन्सचे) १५०० तास लांबच्या पल्ल्यावर भराभर जमतात, हे खरं. पण लॉगबुकात तासांशेजारी लँडिंगचाही रकाना असतो. कमांडचा, म्हणजे कॅप्टनपदाचा, विचार करताना तो आधी बघा.