अँटिस्मॅशच्या यादीत अडकलेले माझे चार महिने

एमएस्सी मायक्रो करून बॅक्टेरियाच्या डीएनएमधून नवी औषधी द्रव्यं शोधायच्या या फिल्डमध्ये येऊ बघणारे ज्युनिअर्स पहिलं विचारतात ते कोडिंग किती लागतं. कामापुरतं लिनक्स आणि थोडं पायथन, पाचसहा महिन्यांत जमतं. मी अडकले ते दुसरीकडेच.

आमच्याकडे शेतातल्या मातीतून काढलेला एक स्ट्रेप्टोमायसिस (मातीतला बॅक्टेरिया) होता, प्लेटवर खडूच्या भुकटीसारख्या कॉलनीज, झाकण उघडलं की पहिल्या पावसाचा वास (तो जिओस्मिनचा, हेच बॅक्टेरिया बनवतात) आणि कॅन्डिडा या बुरशीला मस्त मारायचा. आता याचा जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, का वाचायचा? तर 2002 मध्ये स्ट्रेप्टोमायसिस सीलिकलरचा जीनोम आला, त्याआधी कित्येक वर्षं लोक तो लॅबमध्ये वाढवत होते आणि त्याची मोजकीच कंपाउंड्स माहीत होती, पण जीनोममध्ये असली द्रव्यं बनवणारे 20 पेक्षा जास्त जीन क्लस्टर (एकत्र बसलेल्या जीन्सचे गट) निघाले. म्हणजे बनवायची सोय आहे, पण लॅबमधल्या खाण्यावर तो सगळं बनवत नाही. मला तर हे वाचून झोप लागली नव्हती.

आम्ही शॉर्ट रीड सिक्वेन्सिंग केलं, म्हणजे डीएनए छोट्या तुकड्यांत वाचून नंतर जोडायचा, स्वस्त म्हणून. अँटिस्मॅशमध्ये (जीनोममधले असे क्लस्टर शोधणारं सॉफ्टवेअर) टाकल्यावर भलीमोठी यादी आली आणि त्यात पॉलिकेटाइड नावाच्या द्रव्यांच्या गटातल्या एका क्लस्टरची ओळखीच्या क्लस्टरशी सिमिलॅरिटी अगदीच कमी. मी धरून बसले की हे नवीनच. चार महिने त्यावर घातले. नंतर लाँग रीड (लांब तुकडे वाचणारं सिक्वेन्सिंग) केलं तेव्हा कळलं की तो क्लस्टर कॉन्टिगच्या (रीड्स जोडून बनलेल्या सलग तुकड्याच्या) टोकाला तुटला होता, त्याचे तुकडे वेगवेगळे मोजले गेले होते म्हणून टक्का कमी दिसत होता, आणि पूर्ण जोडल्यावर निघालं कॅन्डिसिडिन, म्हणजे बुरशी मारणारं जुनंच द्रव्य, जे कितीतरी स्ट्रेप्टोमायसिस बनवतात. या जीन्समध्ये एकसारखे मॉड्यूल (भाग) पुन्हा पुन्हा येतात आणि जीसी, म्हणजे डीएनएमधल्या जी आणि सी या अक्षरांचं प्रमाण, 70 टक्क्यांच्या वर असतं, त्यामुळे छोट्या रीड्स नीट जुळत नाहीत. सो अँटिस्मॅशमध्ये 'कॉन्टिग एज' असं लिहून आलं तर त्या टक्क्यावर अजिबात विश्वास ठेवू नका.

वाईट याचं वाटलं की हे पहिल्याच आठवड्यात कळलं असतं. कॅन्डिसिडिन हेप्टाइन (सात सलग दुहेरी बंध असलेलं द्रव्य) आहे, अर्क मेथॅनॉलमध्ये घेऊन साध्या यूव्ही स्पेक्ट्रोमध्ये ठेवला की 360, 380, 405 नॅनोमीटरच्या आसपास ग्राफवर तीन शिखरं दिसतात. आपल्या पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये शोधलेलं हॅमायसिन पण याच कुटुंबातलं, त्या काळात जीनोम कुठला, लोक हा स्पेक्ट्रमच बघून ओळखायचे. म्हणून मी आता प्रत्येकाला आधी अर्क, यूव्ही, मास स्पेक (रेणूचं वस्तुमान मोजणारं मशीन) आणि मगच क्लस्टरची यादी असंच सांगते. आणि डीएनए काढायला शिका, या बॅक्टेरियाची भिंत जाड असते, ती फोडणाऱ्या लायसोझाइम एन्झाइमला घाई केली तर लाँग रीडला लागतो तसा लांब डीएनए हातात येत नाही.

सध्या त्याच स्ट्रेनमधल्या दुसऱ्या एका क्लस्टरवर काम चालू आहे, तो शांत आहे, म्हणजे काही बनवतच नाही, म्हणून मीडिया (बॅक्टेरियाचं खाणं) बदलत बसलेय, कधी स्टार्च, कधी सोयाबीन पीठ, कधी शेजारी दुसरा बॅक्टेरिया वाढवून. गेल्या महिन्यात अकराव्या मीडियात ग्राफवर एक नवं शिखर (पीक) आलं, त्याचं मास अजून कशाशीच जुळत नाहीये. तीच बॅच परत लावलीये, सातव्या दिवशी काढायची.