रक्त-आव पडणारे जुलाब: या चुका टाळा

पावसाळा लागला की आमच्या मेडिकलच्या काउंटरवर रोज तेच, "जुलाब बंद व्हायची गोळी द्या, पटकन." मी आधी विचारतो, शीमध्ये रक्त किंवा आव दिसते का? बऱ्याच जणांनी बघितलेलंच नसतं. इथेच पहिली चूक होते.

पाण्यासारखे जुलाब वेगळे. ताप, पोटात मुरडा, सारखं जाऊन बसावंसं वाटतं पण होतं थोडंसंच, तेही रक्त-आव मिसळलेलं, हे प्रकरण वेगळं. यामागे बऱ्याचदा शिगेला नावाचा जिवाणू असतो, १८९७ मध्ये जपानच्या कियोशी शिगा यांनी शोधलेला. तो मोठ्या आतड्याच्या अस्तरात शिरून जखमा करतो, म्हणून रक्त येतं. अशात लोपेरामाइडसारखी गोळी देऊन आतड्याची हालचालच मंद केली की घाण आणि जंतू आतच राहतात, आणि लहान मुलांना तर ही गोळी द्यायचीच नसते.

आमच्याच घरात हे झालं. पुतण्या पाच वर्षांचा. दादाने प्रवासाच्या बॅगेतली उरलेली गोळी अर्धी करून दिली, मला एक फोन न करता. दुपारी शी थांबली, सगळे खुश. रात्री नऊला वहिनीचा फोन, "भाऊजी, पोट ढोलासारखं फुगलंय, अंग नुसतं भाजतंय, हाक मारली तरी बघत नाही." तीन रात्री सलाईनवर काढल्या पोराने. सकाळीच चादरीवर रुपयाएवढा लालसर चिकट डाग वहिनीने बघितला होता, पण काल बीट खाल्लं होतं म्हणून सोडून दिला.

आणि पोरगं घरी येतंय तोवर आई आजारी! कारण या जंतूला फार संख्या लागतच नाही, दहा ते शंभर जंतू पोटात गेले तरी पुरे. शी धुतली, हात नुसते पाण्याखाली धरले, त्याच हाताने कणीक मळली की झालं. साबण लावून वीस सेकंद, नखांच्या आत आणि अंगठ्याच्या मागे, दुसरा उपाय नाही. मी तर आजारी माणसाचा टॉवेल आणि पाण्याचा मग वेगळाच ठेवतो, नळाची तोटी आणि दाराची कडीसुद्धा पुसून घेतो, आणि त्या माणसाला स्वयंपाकघरात येऊ देत नाही. जुलाब थांबले तरी शीतून जंतू काही आठवडे पडत राहतात, त्यामुळे दुसऱ्याच दिवशी पोराला शाळेत पाठवायची घाई करू नका.

ओआरएसचं, म्हणजे जुलाबात द्यायच्या मीठ-साखरेच्या पावडरचं, पाकीट ग्लासभर पाण्यात ढवळून "स्ट्राँग" करणारे रोज भेटतात. अहो, मीठ जास्त झालं तर त्रास वाढतो! मोठं पाकीट पूर्ण एक लिटरला, छोटं त्यावर लिहिलंय तेवढ्याच पाण्याला. मी बिस्लेरीची लिटरची बाटली मापाला ठेवलीय, आणि २४ तासांनी उरलेलं ओतून देतो.

शेजाऱ्याकडची उरलेली अँटिबायोटिक घेऊ नका, शिगेला बऱ्याच औषधांना आता दाद देत नाही, कुठलं द्यायचं ते डॉक्टर ठरवतील. मुलांना जुलाबासाठी झिंक (जस्ताचं औषध) दिलं असेल तर १४ दिवस पूर्ण करा. उपाशी ठेवू नका, मऊ भात, केळं चालतं, अंगावरचं दूध तर अजिबात तोडू नका.

रक्त दिसलं की डॉक्टरकडे जायचंच. आणि सहा तास लघवी नाही, डोळे खोल गेलेत, झटका आला किंवा मूल गुंगीत आहे, यातलं एक जरी दिसलं तर सकाळची वाट बघू नका, आहे त्या कपड्यात निघा, वाटेत चमच्याने ओआरएस पाजत, पण गुंगीत असेल किंवा झटका आला असेल तर तोंडात काहीच घालू नका.