भिंतीवरचा मोबाइल डिटेक्टर : बसवण्याआधीची आणि वापरण्याआधीची तयारी

मोबाइल डिटेक्टर म्हणजे आसपास फोन वापरात असल्याची सूचना दिव्याने किंवा आवाजाने देणारे यंत्र. त्याची पेटी उघडण्याआधी एक कागद घ्यावा आणि दिवा लागल्यावर कोणी काय करायचे, ते त्यावर लिहून काढावे. हे काम बहुतेक ठिकाणी सर्वांत शेवटी होते किंवा होतच नाही, आणि मग यंत्र वाजले की सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहतात. परीक्षेच्या दालनात मोठ्याने वाजणारी सूचना इतर परीक्षार्थींची एकाग्रता मोडते, त्यामुळे तिथे पर्यवेक्षकाच्या टेबलावरून दिसणारा मुका दिवा पुरेसा असतो. ग्रंथालयात किंवा प्रार्थनागृहात ‘कृपया मोबाइल बंद करा’ असा सौम्य ध्वनिमुद्रित संदेश चालतो. गोपनीय बैठकीच्या खोलीत मात्र दिवा लागताच चर्चा थांबवायची, असे आधीच ठरलेले असावे लागते. एमआरआयच्या खोलीसाठी या यंत्राचा विचार करू नये, कारण तिथला धोका चुंबकाने खेचल्या जाणाऱ्या धातूचा आहे आणि बंद ठेवलेला फोनही तितकाच खेचला जातो.

पुढची तयारी समजुतीची आहे. डिटेक्टर फोन शोधत नाही. फोनने सोडलेल्या रेडिओलहरी ऐकतो. बंद असलेला किंवा फ्लाइट मोडवर टाकून वाय-फाय आणि ब्लूटूथही बंद केलेला फोन त्याच्या लेखी अस्तित्वातच नसतो. नुसता खिशात पडून असलेला फोनही सतत बोलत नसतो. तो अधूनमधून टॉवरला आपली हजेरी देतो आणि बराच वेळ गप्प राहतो. कॉल, संदेश किंवा डेटा सुरू झाला, की मात्र त्याचे प्रक्षेपण ठळक होते. टॉवरचा सिग्नल क्षीण असेल, तर फोन अधिक शक्ती लावतो, म्हणून तळघरातला फोन खिडकीजवळच्या फोनपेक्षा लवकर पकडला जातो. जुना जीएसएम, म्हणजे टू-जी, फोन ९०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात (रेडिओलहरींच्या ठरावीक वारंवारतांच्या गटात) २ वॅटपर्यंत शक्तीने प्रक्षेपण करू शकतो, तर फोर-जी फोनची नेहमीची कमाल मर्यादा सुमारे ०.२ वॅट असते. जीएसएम फोन सेकंदाला सुमारे २१७ झटक्यांत बोलतो; कॉल येण्याच्या क्षणभर आधी स्पीकरमधून येणारी ती ओळखीची टर्रटर्र याच झटक्यांची असे. दहा मीटरवरून जुना फोन टिपणारे यंत्र नव्या फोनबाबत तितक्याच अंतरावर गप्प बसले, तर ते बिघडले आहे असे लगेच धरू नये.

हे सारे मी आग्रहाने लिहितो, त्याला कारण आहे. एका परीक्षा केंद्रावर मी मदतीला होतो. लेखी परीक्षा सुरू असताना दिवा लागला आणि दिव्याखालच्याच बाकावर बसलेल्या मुलीला उभे करून तिची झडती घेतली गेली. तिच्याजवळ काहीही निघाले नाही. फोन भिंतीपलीकडच्या जिन्यात उभ्या असलेल्या एका कर्मचाऱ्याच्या हातात होता. तिने पुन्हा पेन उचलले तेव्हा तिचा हात थरथरत होता, आणि गेलेली दहा मिनिटे तिला कोणी परत दिली नाहीत. यंत्राने आपले काम चोख केले होते. ते कुठपर्यंत ऐकते, हे आम्ही कधी तपासलेच नव्हते.

खरेदी करताना माहितीपत्रकात यंत्र कोणकोणते पट्टे ऐकते ते पाहावे. अनेक देशांत जीएसएम फोन ८८० ते ९१५ मेगाहर्ट्झवर बोलतो आणि टॉवर त्याला ९२५ ते ९६० मेगाहर्ट्झवर उत्तर देतो. असे दोन वेगळे पट्टे असले की गाळणी (फिल्टर) लावून फक्त फोनचा आवाज वेचता येतो. मात्र २३०० ते २४०० मेगाहर्ट्झचा फोर-जी पट्टा आणि ३३०० ते ३८०० मेगाहर्ट्झच्या भागातील फाइव्ह-जी यांत फोन आणि टॉवर एकाच पट्ट्यावर आळीपाळीने बोलतात, त्यामुळे जवळच्या टॉवरनेही दिवा लागू शकतो. वाय-फाय आणि ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतात आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही तिथेच असतो. म्हणून प्रत्येक पट्टा वेगळा चालू-बंद करण्याची सोय, संवेदनशीलता कमी-जास्त करण्याची कळ, आवाज पूर्ण बंद करण्याची सोय आणि दूरचा दिवा जोडण्यासाठी रिले (यंत्राच्या इशाऱ्यावर चालू-बंद होणारा विजेचा स्विच), एवढ्या चार गोष्टी तरी मागून घ्याव्यात. जॅमर हा वेगळा प्रकार आहे. तो लहरी सोडून संपर्क तोडतो, त्यात आपत्कालीन कॉलही अडकतात, आणि अनेक देशांत खासगी व्यक्तींना तो वापरण्यास मनाई आहे.

जागा ठरवताना यंत्र लोखंडी कपाट, आरसा किंवा पत्र्याच्या फलकामागे येणार नाही आणि वाय-फायच्या राउटरपासून शक्य तितके दूर राहील, हे पाहावे. दोन ते अडीच मीटर उंची बहुधा सोयीची पडते, कारण बसलेल्या माणसांची शरीरे लहरी शोषून घेतात आणि उंचावरून त्यांच्या डोक्यांवरून वाट मिळते. शेजारच्या खोलीची सामाईक भिंत टाळावी, बाहेरच्या बोळाची भिंत तर टाळावीच. भोक पाडण्याआधी भिंतीत विजेची तार जात नाही ना, याची खात्री इलेक्ट्रिशियनकडून करून घ्यावी. अ‍ॅडॉप्टर कोणाच्या हाताने सहज निघणार नाही अशा सॉकेटला लावावा आणि वीज गेल्यावर यंत्र किती वेळ चालते, ते प्लग काढून प्रत्यक्ष मोजावे.

यानंतरच्या कामासाठी अख्खा दिवस राखून ठेवावा. आधी खोली रिकामी करून, आपलेही फोन लांब ठेवून, यंत्र काही तास नुसते चालू ठेवावे आणि दिवा किती वेळा लागतो ते वेळेसह लिहावे. तो लागत असेल, तर राउटर, कॉर्डलेस फोन, शेजारची खोली असा एकेक संशयित बंद करून पाहावा. मग संवेदनशीलता सर्वांत कमी ठेवून सुरुवात करावी. एकाने कॉल चालू ठेवून खोलीभर फिरावे, दुसऱ्याने दिव्याकडे नजर ठेवावी, आणि दिवा जिथे लागतो व विझतो तिथे तिथे जमिनीवर खडूने खूण करावी. फोन हातात, खिशात, दप्तरात आणि बाकाखाली, अशा चारही जागी ठेवून हेच करावे. वेगवेगळ्या नेटवर्कचे, जुने आणि नवे, असे किमान तीन फोन वापरावेत. खुणा जोडल्या की जमिनीवर एक वेडावाकडा आकार उमटतो. तो गोल कधीच नसतो. खांबामागे खळगा पडलेला असतो आणि दाराकडे जीभ बाहेर आलेली असते. मग तोच फोन घेऊन भिंतीपलीकडे, जिन्यात, वरच्या आणि खालच्या मजल्यावर जावे, आणि जिथून दिवा लागतो ती प्रत्येक जागा नकाशावर मांडावी. बाहेरच्या फोनने दिवा लागू नये इतकी संवेदनशीलता कमी केल्यावर खोलीचा एखादा कोपरा सुटत असेल, तर कळ वाढवण्यापेक्षा त्या कोपऱ्यासाठी दुसरे यंत्र लावावे, असे माझे ठाम मत आहे. तो नकाशा यंत्राजवळ, पण परीक्षार्थींना दिसणार नाही असा ठेवावा.

वापराच्या दिवशी दारावर स्पष्ट अक्षरांत सूचना असावी आणि फोन बंद करून ठेवण्यासाठी क्रमांक घातलेली पेटी दाराबाहेर, नकाशातल्या कक्षेच्या पलीकडे असावी. पर्यवेक्षक, शिपाई आणि पाणी देणारे यांचे फोनही त्याच पेटीत जावेत. बहुतेक खोट्या सूचना त्यांच्याच खिशातून येतात. दिवा लागलाच, तर आधी वेळ नोंदवावी, मग नकाशावरील बाहेरच्या जागा एका सहकाऱ्याने शांतपणे पाहून याव्यात, आणि दिवा पुन्हा लागतो का ते पाहावे. तो लागत राहिला, तर संपूर्ण दालनाला उद्देशून एकदा सूचना द्यावी. केवळ दिव्याच्या आधारावर कोणालाही नावाने उठवू नये, कारण फोन कोणाचा आहे हे त्या दिव्याला ठाऊक नसते. झडतीची वेळ आलीच, तर ती कोण घेणार, कुठे घेणार आणि त्यात गेलेला वेळ कसा भरून देणार, हे पहिल्या दिवशीच्या त्या कागदावर लिहिलेले असावे.

महिन्यातून एकदा, आणि प्रत्येक परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी, ठरावीक फोनने ठरावीक तीन जागांवरून कॉल लावून दिवा लागतो ना ते पाहावे आणि नोंदवहीत सही करावी. जवळपास नवा टॉवर उभा राहिला, राउटर हलवला, कपाट सरकवले किंवा शेजारच्या खोलीचा वापर बदलला, तर पुन्हा खडू घेऊन नवा नकाशा काढावा.