छातीत कफ दाटलाय? घरचं औषध घेताना या चुका टाळा

श्वासनलिकांना सूज आली की ताप, सर्दी आठवड्यात आटोपते, पण खोकला दोन-तीन आठवडे हटत नाही. आजार बहुतेक वेळा विषाणूचा असतो, त्यामुळे मेडिकलमधून परस्पर अँटिबायोटिक आणून काही साधत नाही. आयुर्वेदाच्या औषधांनी आराम पडतो, पण ती नीट घेतली तर.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे औषध सुरू आणि घरातला धूरही सुरू. विडी-सिगारेट तर बंदच करायला हवी. पण चूल, डासांची कॉइल, देवघरातल्या अगरबत्त्या, तिन्हीसांजेची धुरी यांच्याकडे कुणी आजाराचं कारण म्हणून बघत नाही. सुजलेल्या नळ्यांवर रोज धूर बसत असेल तर अडुळसा तरी किती पुरा पडणार? निदान आजारी माणसाच्या खोलीत तरी काही पेटवू नका.

दुसरी चूक, प्रत्येक खोकल्याला एकच काढा. कफ सुटत असेल तर सुंठ, मिरी, पिंपळी चालते. पण रात्रभर कोरडी ढास लागत असेल तर हेच तिखट पदार्थ घसा आणखी सोलवटतात. तिथे ज्येष्ठमधाचा तुकडा चघळावा किंवा चूर्ण तुपात कालवून चाटावं. मात्र रक्तदाब असणाऱ्यांनी ज्येष्ठमध रोज घेऊ नये, त्याने तो वाढतो. गरोदरपणात अडुळसा वैद्यांना विचारल्याशिवाय नकोच.

सितोपलादि चूर्णाबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण ते घरोघरी असतं. त्याचं मूळ प्रमाण असं: खडीसाखर 16 भाग, वंशलोचन (बांबूच्या पोकळीत मिळणारा पांढरा पदार्थ) 8, पिंपळी 4, वेलची 2, दालचिनी 1. म्हणजे 31 भागांतली निम्म्याहून जास्त साखरच! मधुमेही माणूस ते मधातून दिवसातून तीनदा चाटतो आणि साखर का वाढली म्हणून बुचकळ्यात पडतो. चूर्ण कोरडं तोंडात टाकू नका, ठसका लागून खोकल्याची उबळ येते. मध उकळत्या काढ्यात घालू नका. चरकसंहितेत गरम मध वर्ज्य सांगितला आहे, तेव्हा काढा कोमट होऊ द्या. एक वर्षाखालच्या बाळाला मध बोटभरही चाटवू नका.

वाफ घेताना उकळतं पातेलं मांडीवर किंवा गादीवर ठेवतात, आणि पोरं त्याच घाईत भाजतात. पातेलं टेबलावर ठेवा, मुलांना दूर ठेवा. पाण्यात कापूर नको, लहान मुलांना त्याने झटके येऊ शकतात. साधी वाफ पुरते.

रात्रीचं दही आणि जेवल्याबरोबर दुपारची झोप काही दिवस सोडा. गरम पाणी घोट घोट प्या, रात्री उशी थोडी उंच घ्या.

दम्याचा पंप काढा सुरू केला म्हणून बंद करू नका, ही चूक जिवावर बेतते. खोकला दोन आठवड्यांपुढे गेला तर क्षयरोगासाठी थुंकी तपासून घ्या, सरकारी दवाखान्यात ती मोफत होते. थुंकीत रक्त दिसलं, बोलताना धाप लागली, ओठ निळसर झाले किंवा ताप तीन दिवसांनंतरही उतरला नाही, तर काढ्याचं पातेलं गॅसवर न चढवता तडक डॉक्टरांकडे जा.