‘कोसला’ पहिल्यांदा वाचताना

बी.ए.च्या पहिल्या वर्षाला भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ ही कादंबरी हातात घेतली आणि चाळीस पानांच्या आत दोनदा मिटली. आमचं घर सोलापूरच्या पूर्व भागात. घरात तेलुगू, गल्लीत यंत्रमागांची खडखड, मराठी सगळी शाळेतली. त्यात गोष्ट सांगणारा हा पांडुरंग सांगवीकर जिथे तिथे ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ लावणार! निबंधात असं लिहिलं असतं तर आमच्या बाईंनी वही परत केली असती. तिसऱ्यांदा मात्र जमली. ती अशी.

आधी समीक्षा, गाईड सगळं बाजूला ठेवा. एवढंच माहीत असू द्या: खानदेशातल्या खेड्यातून पुण्याला कॉलेजात गेलेला मुलगा पंचविशीत स्वतःची हकिगत सांगतोय, आणि 1963 साली पुस्तक आलं तेव्हा नेमाडेही 25 वर्षांचेच होते. समोर कुणी आजोबा बसलेले नाहीत.

एका बैठकीला वीस पानं पुरे. पुस्तक वाचनालयाचं असेल तर पेन्सिल लावू नका. जुन्या कॅलेंडरच्या पानाच्या पट्ट्या कापा. हसू आलं तिथे कोरी पट्टी, वैताग आला तिथे फुली मारलेली. सुंदर वाक्यं शोधत बसू नका, ती परीक्षेच्या आदल्या रात्रीची कामं. माझ्या पट्ट्यांत पहिले दोन दिवस नुसत्या फुल्या.

खानदेशी शब्द अडला तरी पुढे चला. अख्खं पानच अडलं तर मोठ्याने वाचा, जमल्यास कुणाला तरी ऐकवा. मी अव्वाला ऐकवलं. ती शेंगा सोलत होती. बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, “हे पोरगं भ्यालंय काय रे?”

मला ते सुचलंच नव्हतं. मी ‘वगैरे’ला आगाऊपणा समजत होतो.

त्यानंतर मनीच्या मृत्यूचा भाग आला. मनी म्हणजे पांडुरंगची धाकटी बहीण. (आधीच सांगितलं म्हणून रागावू नका, कळलेलं असूनही वाचताना काही वाचवत नाही.) तिथे मी कोणतीच पट्टी लावली नाही. पट्टी हातातच राहिली.

पुस्तक संपलं की लगेच मत लिहायला बसू नका. पहिल्या फुलीपाशी परत जा, तेच पान पुन्हा वाचा. फुली पुसायची नाही. खाली तारीख घाला आणि आज काय वाटतं ते एका ओळीत लिहा. माझ्या पहिल्या पट्टीवर वर लिहिलंय ‘किती बडबड’, आणि खाली, पेन बदललेलं, ‘भ्यालाय’.