मे महिना, दोन खोल्या आणि घरातली मुलं

मुंबईत मे महिन्यात पारा पस्तिशीच्या फार वर जात नाही, पण हवा इतकी दमट असते की अंगावरचा घाम वाळतच नाही. मुलं किरकिर करतात ती पुष्कळदा कंटाळून नव्हे, या चिकचिकाटाने. म्हणून सुट्टीचा बेत करताना आधी खेळांची यादी काढू नका. घरात ऊन कधी आणि कुठून येतं, नळाला पाणी किती वाजता येतं आणि मूल किती वाजता पेंगतं, एवढं कागदावर लिहा. दिवस या तीन खुंट्यांना टांगायचा. मधल्या वेळात एक पाण्याचं, एक हाताचं आणि एक स्वयंपाकघरातलं, अशी तीन कामं पुरतात. चौथं सुचलं तर उद्याला ठेवा. भिंतीवर तासातासाचं वेळापत्रक लावलं की ते तिसऱ्या दिवशी मोडतं, आणि त्याचं दुःख मुलांपेक्षा मोठ्यांनाच जास्त होतं.

आधी वारा

विदर्भातल्या नातेवाइकांचा सल्ला इथे चालत नाही. खिडकीला ओली चादर, वाळ्याचा पडदा, कूलर हे सगळं कोरड्या हवेचं शास्त्र आहे. पाण्याची वाफ होताना गारवा मिळतो, पण मुंबईच्या हवेत आधीच इतकी वाफ असते की चादर ओलीच राहते आणि खोली कोंदट होते. इथे भरवसा फक्त वाहत्या वाऱ्याचा. सकाळी पूर्वेच्या खिडक्यांचे पडदे ओढून घ्या. दुपारच्या सुमाराला समुद्रावरून, म्हणजे पश्चिमेकडून वारा सुटतो. तेव्हा पश्चिमेची काच उघडी ठेवून नुसता पडदा ओढायचा आणि समोरच्या बाजूची एक खिडकी किंवा दार किलकिलं ठेवायचं. वाऱ्याला बाहेर जायला वाट नसेल तर तो आत येत नाही. हा खारा वारा उशिरा सुटतो त्या दिवशी सगळं शहर तापतं. त्या दिवशी पसाऱ्याचं काम काढू नका, पत्ते आणि आंघोळ एवढंच.

घामोळ्यांवर पावडरचा थर देऊ नका. घामात ती कालवली जाते आणि मानेच्या घडीत तिचा चिखल होतो. तान्ह्या बाळांच्या तर ती नाकातोंडात जाते. दोन वेळा साध्या पाण्याची आंघोळ, टिपून कोरडं करणं आणि धुऊन मऊ झालेला सुती बनियन, एवढ्याने बहुतेक घामोळी बसतात.

अर्धी बादली पाणी

मेमध्ये धरणांची पातळी उतरलेली असते, तेव्हा पाण्याचा खेळ अर्ध्या बादलीत बसवायचा. बाथरूममध्ये किंवा बाल्कनीत पसरट घमेलं ठेवा, त्यात पाच-सहा लिटर पाणी घाला. सोबत गाळणी, जुनी पळी, दोन वेगवेगळ्या आकारांचे पेले आणि झाकणाला भोकं पाडलेली प्लॅस्टिकची बाटली द्या. खेळण्यांच्या दुकानातलं काही लागत नाही. तीन वर्षांचं मूल एका पेल्यातून दुसऱ्यात ओतण्यात वीस-पंचवीस मिनिटं सहज रमतं. पाच वर्षांच्या मुलाला प्रश्न द्या: मोठा पेला भरायला छोटे किती लागतील? सात वर्षांच्या मुलाला काय तरंगेल आणि काय बुडेल, याचा आधी अंदाज लिहायला लावा. कांदा, लिंबू, चमचा, बाटलीचं बूच, आंब्याची कोय अशा वस्तू घ्या. सोललेलं आणि न सोललेलं संत्रं मिळालं तर मजा आहे: सालात हवा असते, म्हणून सालीसकट तरंगतं आणि सोललं की बुडतं. खेळ संपला की त्याच पाण्याने बाल्कनी धुवा किंवा ते संडासात ओता.

इथे एक नियम मात्र अजिबात मोडायचा नाही. चार वर्षांखालच्या मुलाला भरलेल्या बादलीजवळ एक मिनिटही एकटं सोडू नका. चार बोटं पाण्यातही लहान मूल बुडू शकतं, कारण त्याचं डोकं जड असतं आणि वाकून पडलं तर त्याला स्वतःला वर उचलता येत नाही. पाणी साठवायच्या बादल्या आणि पिंप झाकून ठेवा, आणि बाथरूमची कडी बाहेरून लावा.

चादरीचं घर

हे दुपारी बारा ते दीडच्या वेळेला योग्य. मुंबईच्या घरात खिडकीला ग्रिल असतंच. त्याला दोरीचं एक टोक बांधा, दुसरं समोरच्या जड खुर्चीच्या पाठीला. त्यावर जुनं सुती पातळ टाका आणि कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी पक्कं करा. नायलॉनची साडी किंवा जाड सोलापुरी चादर घेतली तर आत पाच मिनिटांत भट्टी होते आणि मुलं बाहेर पडतात. दाराकडची बाजू उघडी ठेवून तिथे हातभर लांब टेबलफॅन लावा, म्हणजे पातळ फुगतं आणि आत वारा खेळतो. पंख्याला जाळी हवीच. दोरी मुलाच्या गळ्याच्या उंचीला येऊ देऊ नका आणि खेळ संपल्यावर लगेच सोडा. ग्रिलजवळ स्टूल किंवा पेटी ठेवू नका, चढायला पायरी मिळते.

या घरात भातुकली मांडायची ती खऱ्या खाऊची: चुरमुरे, डाळं, किसलेला गूळ, ओल्या खोबऱ्याचा कीस. प्रत्येकी दोन टेबलचमचे पुरे, जास्त दिलं की मुंग्या येतात. चार वर्षांच्या आतल्या मुलांना आख्खे शेंगदाणे, चिंचोके आणि आख्खी द्राक्षं देऊ नका, घशात अडकतात. दुपारची झोप तिथेच लागली तर उत्तम. न झोपणाऱ्या मोठ्या मुलांसाठी दीड ते अडीच हा ‘गप्प तास’ ठेवा. झोपायची सक्ती नाही, पण बोलायचंही नाही. चित्रं, पुस्तक, लोळणं काहीही चालेल.

मोबाइलचं काय? जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये सुचवलं ते असं: दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला तासभरापेक्षा जास्त पडदा नको आणि कमी तितकं बरं, दोन वर्षांखालच्यांना अजिबात नको. व्यवहारात पडदा एकाच ठरलेल्या वेळेला दिला तर मागणी कमी होते. चहाच्या वेळी, झोपून उठल्यावरचा अर्धा तास सोयीचा.

तोंडाला लावायचं ते

पन्हं मुलांच्या हातून करून घेण्यासारखं आहे. दोन मोठ्या कैऱ्या (साधारण अर्धा किलो) देठ कापून अर्धा तास पाण्यात ठेवा. देठाचा चीक ओठाला लागला तर पुरळ येतं, म्हणून हे चुकवू नका. मग कुकरमध्ये आख्ख्याच, भांड्यात पाणी न घालता, तीन शिट्ट्या काढा. पूर्ण गार झाल्यावर साल काढून गर पिळायचं काम मुलांचं. जितक्या वाट्या गर, त्याच्या दीडपट चिरलेला गूळ, एक चमचा मीठ, अर्धा चमचा वेलची. अॅल्युमिनियमचं किंवा बिनकल्हईचं पितळी भांडं वापरू नका, आंबटाने कळकतं. गूळ विरघळत नसेल तर गर जास्त गार झालाय. पातेलं दोन मिनिटं मंद आचेवर ठेवा. गाळून काचेच्या बरणीत भरलं तर फ्रिजमध्ये आठवडाभर राहतं. एका पेल्याला तीन चमचे घालून वर गार पाणी.

कोकमाच्या बाबतीत बाटलीवर काय लिहिलंय ते वाचा. आगळ म्हणजे मीठ घातलेला नुसता रस, तो सोलकढीसाठी. सरबत म्हणजे साखरेचा पाक. आगळात पाणी घालून मुलाला दिलं तर ते तोंड वेडंवाकडं करतं आणि पुढे महिनाभर कोकमाला हात लावत नाही.

ताडगोळे घेताना अंगठ्याने हलकं दाबून बघा. मऊ, पाणीदार हवेत. कडक झालेले पोटात दुखवतात. वरची पिवळसर पातळ साल काढणं हे मुलांच्या बोटांसाठी नामी काम आहे: नखाने कड उचलायची आणि हळूच ओढायची. घाई केली की गर फाटतो आणि पाणी कोपरापर्यंत जातं. तीन वर्षांखालच्यांना फोडी करून द्या, आख्खा गोळा बुळबुळीत असतो. स्टेशनबाहेर द्रोणात करवंदं मिळाली तर ‘कोंबडा की कोंबडी’ खेळायला शिकवा: आतून लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी. पांढऱ्या कपड्यांत खेळू नका, डाग जात नाही.

जुलाब-उलट्या झाल्या तर पन्हं-सरबत बाजूला ठेवा. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट छोटे चमचे साखर, अर्धा सपाट छोटा चमचा मीठ, हे मोजून करा आणि घोट घोट पाजा. अंदाजाने मीठ घालू नका. मूल सुस्त झालं, सहा-आठ तास लघवी झाली नाही किंवा रडताना डोळ्यात पाणी नसेल तर डॉक्टरकडे जा.

वाळवण, तेवढ्या खिडकीत

साबुदाण्याच्या पापड्यांसाठी एक वाटी साबुदाणा रात्रभर भिजवा. सकाळी सहा वाट्या पाणी उकळून त्यात घाला, सतत ढवळत दाणे काचेसारखे दिसेपर्यंत शिजवा. शेवटी मीठ आणि जिरं. मीठ जरा कमीच, वाळल्यावर खारटपणा वाढतो. पंधरा-वीस मिनिटांनी हाताला सोसेल इतकं झालं की मुलांना चमचा द्या. तेलाचं बोट फिरवलेल्या प्लॅस्टिकवर एका ठिकाणी एक चमचा ओतायचा आणि पाठीने जरा पसरवायचा. पापड्यांमध्ये दोन बोटं अंतर ठेवायला सांगा. नाहीतर पाचव्या मिनिटाला सगळ्यांचा मिळून एक नकाशा होतो. मिश्रण घट्ट झालं तर गरम पाणी घाला, गार पाण्याने गुठळ्या होतात.

गच्चीची परवानगी नसेल तर ग्रिलमध्ये ताटं ठेवा, वर मलमलचं फडकं आणि कडेला चिमटे. कबुतरं फडक्याला भीत नाहीत, म्हणून ताटापासून फडकं वर उचललेलं हवं. कोपऱ्यांत चार वाट्या उपड्या घाला. पहिल्या संध्याकाळी पापड्या अर्धवट सुकलेल्या असताना सोडवून उलटायच्या. पूर्ण वाळेपर्यंत थांबलात तर प्लॅस्टिकला चिकटून तुटतात. उन्हं उतरली की ताटं आत, न चुकता. रात्रीच्या दमट हवेत दिवसभराची मेहनत पुन्हा मऊ पडते. नागपुरात एका दिवसात होणाऱ्या कामाला इथे तीन दिवस धरा. मोडताना ‘कट्’ असा आवाज आला म्हणजे झालं. वाकली तर अजून एक ऊन द्या, नाहीतर डब्यात बुरशी येते.

पत्ते आणि एक सावली

चार वर्षांच्या मुलाला भिकार-सावकार जमतो, कारण त्यात डोकं नाही, नुसतं नशीब आहे. सहाच्या पुढे झब्बू आणि गाढव. आठच्या पुढे पाच-तीन-दोन: तिघे खेळाडू, तीस पत्ते. एक्क्यापासून अठ्ठीपर्यंत सगळे (28) आणि इस्पिक-बदामाच्या दोन सत्त्या. आधी पाच-पाच पत्ते वाटून ज्याला पाच हात करायचे तो हुकूम सांगतो, मग उरलेले पाच-पाच. पिसणाऱ्याने दोन हात करायचे, हुकूमवाल्याने पाच, तिसऱ्याने तीन. ज्याचे हात कमी झाले त्याच्याकडून पुढच्या डावात जास्तवाला तितके पत्ते ओढतो. पंख्याखाली पत्ते उडतात. मोठ्या परातीत खेळलं की भांडण निम्मं होतं.

15-16 मेच्या आसपास मुंबईत सूर्य दुपारी साधारण 12:35 ला अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली पायाखालीच नाहीशी होते. सरळ कडांचा स्टीलचा डबा घेऊन गच्चीवर किंवा सोसायटीच्या आवारात जा. गच्चीला पाणी वाहून जायला उतार असतो, म्हणून डबा पाटावर ठेवा आणि पाटावर गोटी ठेवून बघा. घरंगळली तर खाली कागदाच्या घड्या सरकवा. अकरा वाजता, बारा वाजता आणि 12:35 ला सावलीची कड खडूने आखायची. दर वेळी दोन मिनिटं पुरतात. टोपी आणि चपला घालून जायचं, गच्चीची फरशी तेव्हा पाय पोळते. ढग असतील तर दुसऱ्या दिवशी करा, एका दिवसाच्या फरकाने डोळ्याला काही कळत नाही.

उरलेलं एक संथ काम म्हणजे मेथी. बाजारात ‘समुद्रमेथी’च्या बारीक जुड्या मिळतात ना, तशीच. मेथीदाणे रात्रभर भिजवा, आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्याला खाली भोकं पाडा, दोन बोटं माती किंवा कोकोपीट, वर दाणे दाट पेरून चिमूटभर मातीने झाका. रोज सकाळी शिंपडण्यापुरतं पाणी. मुलांचा हात सैल असतो, त्यांना पेला न देता भोकाच्या झाकणाची बाटली द्या; डबा तुडुंब झाला की दाणे कुजतात. तिसऱ्या दिवशी मोड वर येतात, दहा-बारा दिवसांत कात्रीने कापून आमटीत घाला. कोथिंबीर आत्ता लावू नका, या उकाड्यात ती रुसते.

आंब्याची कोय लावायची असेल तर खाल्ल्यावर आठवड्याच्या आत लावा, सुकवून ठेवलेली रुजत नाही. मुंबईत मोसमी पावसाची सर्वसाधारण तारीख 11 जून धरतात. त्याच्या आठवडाभर आधी पापड्यांना शेवटचं ऊन द्या, गार करा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. गरम असताना भरल्या तर झाकणाला आतून घाम सुटतो.