बीमटाइमला निघताना या चुका टाळा

माझी उमेदीची वर्षं न्यूट्रॉन डिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे पदार्थावर न्यूट्रॉनचा झोत टाकून त्याची आतली रचना बघणारं यंत्र, सांभाळण्यात गेली. आता पुण्यात घरी असतो, तरी ट्रॉम्बेच्या ‘ध्रुव’ अणुभट्टीवर किंवा परदेशात बीमटाइमला (झोतावर प्रयोगासाठी मिळालेल्या वेळेला) निघालेली पोरं सॅम्पलची बाटली घेऊन येतात. चहा होतो आणि दर वेळी त्याच चुका निघतात.

सगळ्यात चीड आणणारी चूक म्हणजे कॅनमध्ये, म्हणजे सॅम्पलच्या बंद डबीत, हेलियम न भरणं. एका मुलाच्या मँगनीजवाल्या ऑक्साइडचं नील तापमान (ज्याच्या खाली चुंबकीय क्रम लागतो ते) मॅग्नेटोमीटरवर २२ केल्व्हिन आलेलं. आमच्या यंत्रावर थंड करताना त्या क्रमाचं चुंबकीय पीक सेन्सरच्या १७ ला उगवलं आणि गरम करताना २७ येईपर्यंत विरेना. पहाटे तीनला स्वारी खूश. “सर, हिस्टेरिसिस! फर्स्ट ऑर्डर आहे!” म्हणजे क्रम एका झटक्यात बदलतो, थंड होताना आणि गरम होताना वेगवेगळ्या तापमानाला, असं त्याला वाटलं. पेपरचं शीर्षकसुद्धा वहीत लिहून झालेलं.

“हेलियम भरलास?”

गप्प. गाडी पकडायच्या घाईत व्हॅनेडियमचा कॅन पुण्यातच, साध्या हवेत बंद करून आणला होता. थंडीत ती हवा गोठते, आत निर्वात उरतो आणि उष्णता न्यायला काही राहत नाही; हेलियम तिथे वायूच राहतो. ऑक्साइडची पावडर मुळातच उष्णता नेण्यात मठ्ठ, आणि सेन्सर कॅनच्या बाहेर. तो १७ ला पोचला तेव्हा पावडर कुठे २२ ला उतरत होती. चढतानाही तशीच मागे. कॅन काढला, हेलियममध्ये उघडला, झाकणाच्या सीलला इंडियमची नवी तार घातली, समोरासमोरचे स्क्रू आळीपाळीने आवळले. दुसऱ्या रात्री दोन्ही वक्र २२ ला एकमेकांवर बसले. शीर्षक खोडलं.

मी प्रत्येक तापमानाला अर्धा तास थांबायचो, मग एक छोटा स्कॅन घेऊन पीक हलायचं थांबलंय का ते बघायचो. वेळ फुकट जातो म्हणायचे. जाऊ दे.

दुसरी चूक बाटली भरण्याच्या कितीतरी आधी होते. एका मुलीनं सहा महिने खपून बोरेट बनवलं, साध्या बोरिक ॲसिडपासून. नैसर्गिक बोरॉन न्यूट्रॉन गिळतं: शोषण ७६७ बार्न (अणुकेंद्र न्यूट्रॉनला किती भिडतं त्याचं एकक), ते जवळपास सगळं बोरॉन-१० या समस्थानिकाचं. बोरॉन-११ महाग असतो, पण तो संश्लेषणाआधी मागवायचा असतो, बीमवर आल्यावर नव्हे. गॅडोलिनियम तर ४९,७०० बार्न; तिथे बीम पलीकडे निघेल ही आशाच सोडा.

पुण्याच्या जुलैत उघडी ठेवलेली पावडर ओल धरते. हायड्रोजन सुमारे ८० बार्ननं सगळीकडे न्यूट्रॉन उधळतो आणि बॅकग्राउंड फुगतं. वाळवून आणा.

दोनशे मिलिग्रॅम एक्स-रेला पुरतात. न्यूट्रॉनला पाच ग्रॅम आणा.

चुंबकीय पीक लहान कोनांत शोधा. फॉर्म फॅक्टरमुळे, म्हणजे चुंबकीय इलेक्ट्रॉन अणूत पसरलेले असल्यामुळे, मोठ्या कोनांत ती विरतात.

आणि क्यूबिक (घनाकृती रचनेच्या) पावडरवरून, तेही मोमेंटच्या साध्या सरळ रेषेतल्या मांडणीत, अणूच्या चुंबकीय मोमेंटची दिशा सांगू नका. ती त्या डेटात पूर्ण नसतेच. फुलप्रॉफ या विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरमधून एखादा आकडा काढालही, पण रेफरीनं विचारलं की मला फोन करू नका.